कच्चा लिंबू आणि सभासद

'व्हर्च्युअल' या इंग्रजी शब्दाला मराठीने 'आभासी' हा प्रतिशब्द दिला आणि तो देताना नकळत एक निकालही देऊन टाकला. 'आभास' हा शब्द आपल्याकडे कोरा नाही. त्याच्यामागे अद्वैत वेदान्ताची मोठी परंपरा उभी आहे; दोरीवर भासणारा साप आणि शिंपल्यावर भासणारी चांदी ही तिची ठरलेली उदाहरणे. ज्या अंबाजोगाईत बसून हे लिहितो आहे, तेथेच आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे, आणि शके १११० मधला त्यांचा 'विवेकसिंधु' हा अद्वैताचा विचार मराठीत मांडणारा आद्य ग्रंथ मानला जातो. त्यामुळे मुलांच्या संगणकावरील खेळाला आपण 'आभासी जग' म्हणतो, तेव्हा ते खोटे आहे, जाग आली की मावळणारे आहे आणि म्हणून त्याज्य आहे, असे तीन निष्कर्ष एका विशेषणात येऊन बसतात. मग उरलेली चर्चा मोबाइल काढून घ्यावा की तासभर द्यावा, एवढ्यापुरतीच होते. या खेळांविषयी काळजी करण्यासारखे पुष्कळ आहे; पण त्यांचे खोटे असणे हे त्यांतले नव्हे, असे मला वाटते.

कारण खोटे जग उभे करणे हा बालपणाचा जुनाच उद्योग आहे. भातुकली म्हणजे दुसरे काय? वाळूचा भात, पानांची भाजी, बोळक्यांचा संसार आणि बाहुला-बाहुलीचे लग्न. दिवाळीत मातीचे किल्ले करणारी मुले पोत्यावर चिखल थापून डोंगर करतात, मोहरी पेरून रान उगवतात आणि टीचभर मावळ्यांना पहाऱ्यावर बसवतात. वाळूचा भात कोणतीही मुलगी गिळत नाही. ती तोंडाने नुसता आवाज करते आणि 'मीठ कमी पडलं' असेही सांगते. 'खोटं खोटं' हा आपल्या मुलांचा शब्द येथे फार मोलाचा आहे. तो फसवणुकीचा शब्द नाही, कराराचा शब्द आहे. योहान हौझिंगा या डच विचारवंताने १९३८ साली 'होमो ल्यूडेन्स' या ग्रंथात खेळाचे जे लक्षण सांगितले, की खेळ आपली वेगळी जागा, वेगळा काळ आणि वेगळे नियम आखून घेतो आणि खेळणाऱ्यांना हे ठाऊक असते, ते सारे या दोन शब्दांच्या द्विरुक्तीत आधीच आलेले आहे.

तेव्हा प्रश्न खरे-खोट्याचा नाही. प्रश्न असा आहे, की ते खोटे जग कोणाचे, त्यात कोणाला प्रवेश, तेथे कोणती भाषा चालते आणि ते मोडायचे कोणी. या चार प्रश्नांसाठी 'क्लब पेंग्विन' या खेळाचे उदाहरण घेण्यासारखे आहे. तो आता बंद पडला आहे, त्यामुळे त्याचा जन्म, भर आणि शेवट असे सर्वच एकदम पाहता येते.

कॅनडातील केलोना या गावी २००५च्या ऑक्टोबरात हा खेळ सुरू झाला. बर्फाच्छादित बेट, त्यावर रंगीबेरंगी पेंग्विन आणि प्रत्येक पेंग्विनामागे जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातले एक मूल. प्रत्येकाला एक बर्फाचे घर, पाळायला 'पफल' नावाचे लोकरीच्या गुंड्यासारखे प्राणी आणि छोटे छोटे खेळ जिंकून मिळवायची नाणी. हे जग वाईट हेतूने उभारले गेले, असे म्हणता येणार नाही. आपल्या मुलांना निर्धास्तपणे सोडता येईल अशी जागा असावी, ही त्याच्या निर्मात्यांची इच्छा होती. तेथे बाहेरच्या जाहिराती नव्हत्या. संभाषणावर देखरेख करणारी माणसे होती. २००७च्या डिसेंबरात मुलांनी आपली खेळातली नाणी दान करावीत आणि त्या कौलानुसार कंपनीने खरे दहा लाख डॉलर धर्मादाय संस्थांना वाटावेत, असाही उपक्रम तेथे झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये डिस्ने कंपनीने हे बेट पस्तीस कोटी डॉलरना विकत घेतले होते.

आता प्रवेशाचा प्रश्न. बेटावर जायला पैसे पडत नसत. खेळायला आणि नाणी मिळवायलाही पडत नसत. पण त्या नाण्यांनी पेंग्विनाला अंगरखा घ्यायचा, घरात खुर्ची मांडायची, तर बहुतेक वेळा सभासद असावे लागे, आणि सभासदत्वाला दरमहा सुमारे सहा डॉलर पडत. म्हणजे गरीब मुलालाही कमावता येत होते, खर्च मात्र करता येत नव्हता. दुकान उघडे, खिशात नाणी, आणि दुकानदार म्हणणार, 'तुझी नाणी खरी, पण तू सभासद नाहीस.' विषमता मुलांना कोठेतरी शिकायचीच असते, असे यावर कोणी म्हणेल. परंतु ती खेळातच शिकवली जावी, हे मात्र आपल्या खेळांच्या परंपरेला धरून नाही.

त्या परंपरेत या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. पहिले गोपाळकाल्याचे. प्रत्येक गोपाळाने आपापली शिदोरी आणायची, कोणाची दही-भाताची, कोणाची शिळ्या भाकरीची. ती एकत्र कालवायची आणि मग सर्वांनी सारखी खायची. संतांनी या प्रसंगाचे एवढे कौतुक केले आणि फुगडी, हमामा, विटी-दांडू अशा खेळांवर पदे नि अभंग लिहिले, ते केवळ रूपकाच्या सोयीसाठी नव्हे. खेळाच्या रिंगणात आल्यावर घरची ऐपत बाहेर राहते, हे त्यांनी पाहिले होते. दुसरे उत्तर 'कच्चा लिंबू'चे. लहान भावंड रडत मागे आले, तर त्याला खेळात घ्यायचे, पण बाद धरायचे नाही, त्याच्यावर राज्य द्यायचे नाही. हा नियम कोणत्या पुस्तकात लिहिलेला नाही, तो मुलांनीच केला. दुबळ्याला खेळाबाहेर न ठेवता त्याच्यासाठी नियमच वाकवायचा, ही न्यायाची केवढी सूक्ष्म समज आहे! संगणकाच्या खेळात कच्चा लिंबू नसतो. तेथे सभासद असतो आणि सभासद नसलेला असतो. नियम दूरच्या यंत्रात लिहिलेले असतात आणि खेळणाऱ्यांपैकी कोणालाही ते वाकवता येत नाहीत.

भाषेचा प्रश्न मराठीच्या शिक्षकाला अधिक जवळचा. मुलांच्या सुरक्षिततेसाठी त्या बेटावर बोलण्याची एक अशी रीत ठेवली होती, की यादीत दिलेल्या तयार वाक्यांतून वाक्य निवडायचे. स्वतःचे वाक्य करायचे नाही. मोकळे बोलण्याची सोय घेतली तरी तिला गाळणी होती. अनोळखी माणसापासून मुलाचे रक्षण करायचे, तर हे समजण्यासारखे आहे. पण खेळ हे मुलाच्या भाषेचे मोठे शेत असते. भातुकलीतली मुले 'मी आई झाले हं, तू पाहुणा झालास' असे म्हणतात, तेव्हा न घडलेली गोष्ट घडून गेल्यासारखी सांगून ती घडवतात. भूतकाळाच्या रूपाचा हा उपयोग व्याकरण शिकण्याच्या कितीतरी आधी त्यांना येतो. तयार वाक्यांच्या यादीत अशा निर्मितीला जागा नाही. शिवाय ते बेट इंग्रजीखेरीज पोर्तुगीज, फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन आणि रशियन या भाषांत उपलब्ध झाले. एकाही भारतीय भाषेत नाही. मराठी ही घरी जेवायची आणि शाळेत गुण मिळवायची भाषा, आणि खेळायची भाषा दुसरी, अशी वाटणी एकदा झाली, की भाषेतला आनंद कोणत्या बाजूला जाईल हे सांगायला नको. आपण मराठीच्या भवितव्याची चर्चा शाळा, न्यायालय आणि पाट्या यांच्यापुरती करतो. खेळाच्या अंगणाचा विषय त्यात निघत नाही.

शेवटचा प्रश्न मोडण्याचा. भातुकली मुलेच मांडतात आणि दिवेलागणीला मुलेच मोडतात. उद्या ती पुन्हा मांडता येते. क्लब पेंग्विन मात्र २०१७च्या मार्चअखेर कंपनीने बंद केले. त्या बेटाजवळ एक हिमनग होता. पुष्कळ पेंग्विन एका कडेला जमले तर तो उलटेल, अशी आख्यायिका मुलांमध्ये वर्षानुवर्षे चालत आली होती आणि जगभरची मुले तेथे जमून तसा प्रयत्न करीत. अखेरच्या काही आठवड्यांत कंपनीने तो एकदाचा उलटू दिला. मुलांनी स्वतः रचलेली ही एकमेव मोठी गोष्ट. तीही पुरी झाली ती मालकाच्या परवानगीने आणि बेट बुडायच्या तोंडावर. पुढे चाहत्यांनी त्या बेटाची प्रतिकृती उभारून चालवली. २०२२च्या एप्रिलमध्ये लंडनच्या पोलिसांनी हक्कभंगाच्या प्रकरणात तिघांना अटक केली आणि तीही बंद झाली. कायद्याने कंपनीचे बरोबर असेलही. पण ज्यांचे बालपण तेथे गेले, त्यांना आपल्या अंगणात परत पाऊल ठेवता येत नाही, कारण ते त्यांचे अंगण कधीच नव्हते.

हे सारे दूर कॅनडातले आहे, आम्हाला त्याचे काय, असे बीड जिल्ह्यातल्या वाचकाला वाटू शकेल. पण आता बेट संगणकावर नाही, हातातल्या फोनवर आहे, आणि 'रोब्लॉक्स'सारख्या खेळांत एक नव्हे, असंख्य बेटे आहेत. आमच्या भागात दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही मुले आईबापांबरोबर फडावर जातात, काही हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांजवळ राहतात. मागे राहिलेल्या मुलाच्या हातातला फोन हा आईचा आवाज ऐकण्याचा मार्ग असतो आणि त्याच फोनमध्ये ते जगही असते. या मुलाला 'मैदानावर जाऊन खेळ' असे सांगणे सोपे आहे. पण त्याचे खेळगडी पाच-सहा महिने गावात नसतात. अशा मुलाला त्या जगात सोबत मिळत असेल, तर तिला आभास म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. मात्र त्याच जगात त्याच्या पेंग्विनाला उघडे ठेवून अंगरखा विकायला मांडला जात असेल, तर राग यायलाच हवा.

कायदा काही बाबतीत पुढे आला आहे. २०२३च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले, पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आणि बालकांवर रोखलेल्या जाहिरातींना मनाई केली. २०२५च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला. पण तो जिंकण्याच्या आशेने लावलेल्या पैशाचा विचार करतो. मित्रांसारखे दिसता यावे म्हणून अंगरख्यावर खर्च होणाऱ्या पैशाचा नाही. आणि ज्या घरात फोनची भाषा आईला वाचता येत नाही, तेथे संमती म्हणजे मुलानेच दाबलेली एक कळ असते.

म्हणून मागणी बंदीची नसावी. मुलाने खेळून मिळवलेले त्याला त्या खेळात खर्चता यावे. संमतीचा मजकूर पालकाच्या भाषेत असावा. जग बंद करणाऱ्याने मुलांनी तेथे केलेले काहीतरी त्यांच्या हाती द्यावे. आणि मराठीत खेळता येईल अशी एक तरी जागा आपल्या विद्यापीठांनी, प्रकाशकांनी, संगणक शिकलेल्या तरुणांनी मिळून उभारावी. ती जागा भव्य नसली तरी चालेल. तिच्या नियमांत कच्चा लिंबू असावा, एवढे मात्र व्हायला हवे.