करारात खिडकीही लिहून घ्या

शिवाजी पार्कच्या आसपास पुनर्विकासाला निघालेल्या इमारतींची संख्या वाढते आहे. सोसायटीच्या सभांमध्ये कार्पेट एरिया, कॉर्पस, भाडं, पार्किंग यांवर तासन् तास खल होतो. खिडकीचा विषय मात्र कुणी काढत नाही. ‘मोठी स्लायडिंग, फुल ग्लास’ एवढं बिल्डरने सांगितलं की सगळे समाधान मानतात. नव्या घरात एसीशिवाय बसता येईल की नाही, हे बरंचसं या खिडकीवरच ठरणार असतं.

महापालिकेने १९२५ मध्ये शिवाजी पार्कचं मैदान लोकांसाठी खुलं केलं. पुढच्या दोन दशकांत त्याच्याभोवती तीन-चार मजली आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या. त्यांचे गोलसर छज्जे आणि आत घेतलेल्या बाल्कन्या आज आपण शोभेसाठी वाखाणतो. पण छज्जा खिडकीवर सावली धरतो आणि पावसाळ्यात खिडकी उघडी ठेवू देतो. चौकटीत गज आणि बाहेर पूर्ण उघडणारी दोन दारं असली, की चौकटीएवढा वारा आत येतो. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळवणारा वारा हाच पहिला आराम.

मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्या उन्हाला दीड-दोन फुटांचा छज्जा पुरतो. खरा त्रास पश्चिमेचा. चारनंतरचं तिरपं ऊन छज्ज्याखालून थेट पलंगापर्यंत येतं. पण शिवाजी पार्कला पश्चिमेलाच समुद्र आहे आणि दुपारचा वाराही तिकडूनच येतो. म्हणून पश्चिमेची खिडकी बंद करून चालत नाही. तिला बाहेरून सावली हवी : उभ्या पट्ट्या, सरकती झडपं, निदान बांबूची चिक. आतला पडदा उशिरा कामाला येतो. तोवर ऊन काच ओलांडून घरात शिरलेलं असतं.

‘एनर्जी एफिशियंट’ म्हणून विकली जाणारी दुहेरी काच यावरचा उपाय आहे का? हिशेब करून पाहू. खोलीत २६ अंश आणि बाहेर ३३ अंश असताना, एकेरी काचेच्या एका चौरस मीटरमधून तापमानातल्या फरकामुळे साधारण ४० वॅट उष्णता आत येते. साधी दुहेरी काच ती २० वर आणते. पण त्याच काचेवर पश्चिमेचं ५०० वॅट ऊन पडत असेल, तर एकेरी साध्या काचेतून जवळपास ४०० वॅट आत येतात आणि दुहेरी साध्या काचेतूनही साडेतीनशेच्या आसपास. दुहेरी काचेची खरी कमाल कडाक्याच्या थंडीत दिसते. आपला शत्रू ऊन आहे. काचेवर खर्च करायचाच असेल, तर एसएचजीसी हा आकडा विचारा. तो जितका कमी, तितकं ऊन कमी आत येतं. पण आधी सावली, मग काच.

दुसरा प्रश्न : खिडकी उघडते किती? केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात कार्पेट एरियाच्या किमान एक षष्ठांश जागा उघडती असावी, असं ती सांगते. म्हणजे ६०० चौरस फुटांच्या घराला बाल्कनीची दारं धरून १०० चौरस फूट. दोन तावदानांची स्लायडिंग जेमतेम अर्धीच उघडते. बिजागरीची जवळपास पूर्ण. कागदावरची मोठी खिडकी वाऱ्याच्या हिशेबात निम्मी होते ती अशी.

सावरकर मार्गावरच्या वाहनांचा गोंगाट, धूळ, डास ही खिडकी बंद ठेवण्याची कारणं खरी आहेत. पण गोंगाटाच्या बाबतीतही बिजागरीची खिडकीच सरस ठरते, कारण रबरी पट्टीवर दाबून बसलेलं दार सरकत्या दारापेक्षा घट्ट मिटतं. फक्त ग्रिल कुठे बसणार, हे आधी ठरायला हवं. बाहेर सपाट ग्रिल ठोकलं, की बाहेर उघडणारं दार त्यालाच अडतं. उंच मजल्यांवर वारा जोराचा असतो, तेव्हा बिजागऱ्याही दणकट हव्यात.

पुनर्विकासासाठी शासनाचे सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालचे निर्देश आहेत, त्यानुसार सोसायटी सल्लागार नेमते. त्याच्याकडून निविदेतच चार गोष्टी घालून घ्या : प्रत्येक खोलीची उघडती जागा चौरस फुटांत, प्रत्येक खिडकीवर छज्जा, पश्चिमेला बाहेरची सावली आणि काचेचा एसएचजीसी. मग त्याच विकास करारनाम्यात उतरवा. आराखडे महापालिकेकडे जाण्याआधीच हे व्हायला हवं. काच पुढे केव्हाही बदलता येते. सोळाव्या मजल्यावर नंतर छज्जा बांधता येत नाही.