ऊर्जेचे शिक्षण हाताला वगळून होणार नाही

‘ऊर्जा म्हणजे कार्य करण्याची क्षमता’ ही व्याख्या आपल्या शाळांतून पिढ्यानपिढ्या घोकली जात आहे. जिची आई दहा मीटर खोल विहिरीतून पाणी शेंदते, ती मुलगीही ती घोकते आणि गुण मिळवते. परंतु दहा लिटर पाणी एकदा वर ओढण्यास सुमारे १,००० जूल ऊर्जा लागते, तर विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल, म्हणजेच अशा सुमारे ३,६०० बादल्यांचे श्रम, हा हिशेब तिच्यापुढे कोणी मांडत नाही. तो मांडला, तर वीज कोणाच्या घरी आणि श्रम कोणाच्या वाट्याला, हा प्रश्नही वर्गात उभा राहील.

सायकल उलटी ठेवून मुलाला हाताने पायडल फिरवू द्यावे. डायनॅमोला दिवा जोडताच ते जड होते. प्रकाश फुकट मिळत नाही, हे त्याचा हात त्याला सांगतो. हे ज्ञान थर्मोकोलचे धरण रंगवून येत नाही.

सरकारचे उत्तर काय? २०१६ साली अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना आली. निवडक शाळांना प्रत्येकी वीस लाखांपर्यंत अनुदान. आमचा आक्षेप यंत्रांना नाही, या निवडीला आहे. जुनी सायकल आणि पत्र्याचा डबा यांना वीस लाख लागत नाहीत. लागते ते शिक्षकाला प्रशिक्षण आणि मुलाला चुकण्याची मुभा. मध्य प्रदेशात १९७२ साली सोळा शाळांतून सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमाने हे सिद्ध केले होते. सरकारी शाळांतील मुले स्वतः प्रयोग करून शिकत होती. २००२ साली तेथील सरकारनेच तो बंद केला. आपल्याकडे पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम उभारला, त्याचे आम्ही कौतुक केले. पण ती पद्धत प्रत्येक शाळेचा हक्क व्हावी म्हणून किती मोर्चे काढले?

हाताचे काम शिकवणे म्हणजे गरिबांच्या मुलांना कारागीरच ठेवणे, अशी शंका काही साथी घेतात. ज्या समाजाने हात एका जातीला आणि पोथी दुसरीला वाटून दिली, तेथे ही शंका रास्तच आहे. म्हणूनच हे शिक्षण फक्त खेड्यातल्या शाळेसाठी असता कामा नये. शहरातल्या महागड्या शाळेतील मुलाच्या हातालाही ग्रीस लागले पाहिजे, आणि शेतमजुराच्या मुलीला जूलचे गणित आले पाहिजे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना बहुमत दिले आहे. कार्यकर्त्यांनी त्या बैठकांना पालक न्यावेत आणि एकच प्रश्न विचारावा : या वर्षी आमच्या मुलांनी स्वतःच्या हातांनी काय बनवले?