आरशातला दिवा

गेल्या डिसेंबरची गोष्ट. दहावीचे जादा तास सुरू झाले होते आणि मला सकाळी सातला शाळेत हजर राहावे लागत होते. फज्रची नमाज, मुलांचे डबे, सासूबाईंचा चहा एवढे उरकून सव्वासहाच्या आत मी मिरजेतून स्कूटी काढत असे. कुपवाड, माधवनगर, बुधगाव हा माझा रोजचा रस्ता. दिवसा तो गजबजलेला असतो. पण डिसेंबरात त्या वेळी अंधार असतो, कडेच्या शेतांवर धुके उतरलेले असते, आणि दुधाच्या गाड्या सोडल्या तर फारसे कोणी भेटत नाही.

एका सोमवारी कुपवाडची एमआयडीसी मागे टाकली आणि आरशात एक दिवा दिसला. पिवळट, मंद. एकच दिवा म्हणजे मोटारसायकल. मी गाडी हळू केली तर तीही हळू झाली. मी वेग वाढवला तर तीही मागे येत राहिली. पुढे काढायला रस्ता मोकळा होता, पण पुढे काही काढली नाही. बुधगावच्या अलीकडे ती कुठेतरी वळली आणि मी सुटकेचा श्वास सोडला.

मंगळवारी तेच. बुधवारी मी मुद्दाम दहा मिनिटे उशिरा निघाले. एमआयडीसीच्या कोपऱ्यावर एक माणूस मफलर गुंडाळून गाडीवर बसलेला दिसला. मी पुढे गेले आणि त्याने किक मारली. म्हणजे तो माझी वाट पाहत थांबला होता! अंगावर काटा आला. गुरुवारी माधवनगरात चहाच्या टपरीजवळ मी थांबले, तर तोही थोड्या अंतरावर थांबला. मी निघाले, तोही निघाला.

शुक्रवारी मी काय केले असेल? स्कूटीचा उजवा आरसा बाहेरच्या बाजूला वळवून ठेवला. म्हणजे तो दिवा दिसायलाच नको! बी.एड. झालेली, वीस वर्षे मुलांना शिकवणारी बाई मी. आता आठवले की स्वतःचाच राग येतो. पण भीती माणसाला अशी बावळट करते.

तुम्ही विचाराल, घरी का नाही सांगितले? खरे सांगते, सांगायचे धाडस झाले नाही. मागे येणाऱ्या माणसाची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती घरच्या उत्तराची होती. सासूबाई म्हणाल्या असत्या, “पुरे झाली नोकरी, बेटा. इज्जतीपेक्षा पगार मोठा आहे का?” त्यांचा हेतू वाईट नसता. ‘हे’ही काळजीपोटी तेच म्हणाले असते. मग ज्या नोकरीसाठी धाकट्याला पाळण्यात ठेवून परीक्षा दिल्या, ती एका मंद दिव्यापायी सुटली असती. म्हणून मी गप्प राहिले.

शेवटी शनिवारी शाळेतल्या आमच्या शिपाईमामांना सांगितले. मामा फार शिकलेले नाहीत, पण त्यांनी जे सांगितले ते लाखमोलाचे होते. “टीचर, अंधारात थांबून त्याला जाब विचारू नका. आणि त्याला चुकवायला आडरस्त्याला तर मुळीच शिरू नका. पेट्रोल पंपावर गाडी घाला. तिथं उजेड असतो, माणसं असतात, कॅमेरा असतो. मी सरांना सांगतो, सोमवारी तिथं येतील.”

सोमवारी माधवनगरला राहणारे आमचे गणिताचे सर पंपावर येऊन उभे राहिले. मी स्कूटी आत वळवली. मोटारसायकल रस्त्यावरच थांबली. सर सरळ त्याच्याकडे गेले. मी लांबून पाहत होते, काळीज धडधडत होते. मफलर निघाला आणि आतून साठीच्या आसपासचा एक म्हातारा चेहरा दिसला.

ते बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजवर रात्रपाळीला पहारेकरी होते. पाळी सुटल्यावर गावी परतत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, गाडीचा दिवा अधू, रस्त्यावर खड्डे आणि कुत्री. म्हणून चांगल्या उजेडाची एखादी गाडी येईपर्यंत ते कोपऱ्यावर थांबत आणि तिच्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवून घर गाठत. बहुतेक गाड्या भुर्रकन निघून जात. माझी स्कूटी बेताने चाले, ती त्यांना सोयीची पडली होती.

सगळा प्रकार कळल्यावर ते इतके ओशाळले की मलाच वाईट वाटले. म्हणाले, “बाई, सांगावं असं रोज मनात यायचं. पण अंधारात बाईमाणसाला थांबवून कसं बोलायचं? तुम्ही घाबराल म्हणून गप्प बसलो.”

म्हणजे मी घाबरू नये म्हणून ते बोलले नाहीत, आणि ते बोलले नाहीत म्हणून मी घाबरले!

त्या रात्री हे सगळे घरी सांगितले. यांनी आधी विचारले, “आठ दिवस मला का नाही सांगितलंस?” मी म्हटले, “तुम्ही नोकरी सोड म्हणाला असता.” थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हो. म्हणालोच असतो.” त्यांचा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला.

ही गोष्ट इथेच संपली असती तर मी हसून सोडून दिली असती. ‘उगाच घाबरलीस’ असे मैत्रिणी म्हणाल्याच. पण जानेवारीत नववीच्या वर्गात ‘गैरसमज’ या विषयावर निबंध घेताना मी ही हकिकत मुलींना सांगितली. मुली खूप हसल्या. तास संपल्यावर एक मुलगी मात्र रेंगाळली. वह्या गोळा करण्याच्या निमित्ताने माझ्याजवळ आली आणि खाली बघत म्हणाली, “टीचर, माझ्या मागे येतो तो म्हातारा नाही.”

दोन महिने एक तरुण बाईकवरून तिच्या मागे येत होता. एसटी स्टँडपासून शिकवणीपर्यंत आणि शिकवणीपासून घराच्या गल्लीपर्यंत. दोनदा त्याने नंबर मागितला होता, एकदा चिठ्ठी टाकली होती. तिने रस्ता बदलला, वेळ बदलली. ओळखू येऊ नये म्हणून नकाब लावू लागली. तरीही तो येतच होता. मग ती शिकवणी चुकवू लागली, अधूनमधून शाळाही. त्या गैरहजेरीबद्दल मी तिला भर वर्गात दोनदा रागावले होते. “अभ्यासात लक्ष नाही तुझं,” असे म्हटले होते. ते आठवून आजही मला शरम वाटते.

मी विचारले, “घरी सांगितलंस?” तिने मान हलवली. “अब्बू शाळा बंद करतील.”

माझेच उत्तर होते ते. मी चाळिशी ओलांडलेली, कमावती बाई आणि ही चौदा वर्षांची पोर. दोघींची भीती एकच. रस्त्यावरच्या माणसापेक्षा आपल्याच घराचे दार बंद होण्याची.

अशा वेळी कायदा काय सांगतो, हे आपल्या घराघरांत माहीत असायला हवे. 2012 च्या दिल्लीतल्या त्या भीषण घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने शिफारशी केल्या आणि 2013 मध्ये कायदा बदलून स्त्रीचा पाठलाग करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये आहे. स्त्रीने नको असल्याचे स्पष्ट दाखवूनही एखादा पुरुष पुन्हा पुन्हा तिचा पाठलाग करून संपर्क साधत असेल, साधू पाहत असेल, किंवा तिच्या इंटरनेट आणि फोनच्या वापरावर पाळत ठेवत असेल, तर पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल तर 2012 चा पॉक्सो कायदाही आहे. वाईट हेतूने मुलाचा किंवा मुलीचा वारंवार पाठलाग करणे, पाळत ठेवणे हा त्यात गुन्हा आहे. असा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवणे या कायद्याने प्रत्येकाला बंधनकारक आहे, मग तो शिक्षक असो की शेजारी. मुलीची ओळख गुप्त ठेवावी लागते. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही.

आम्ही आधी तिच्या अम्मीला शाळेत बोलावले, मग अब्बूंना. ते रिक्षा चालवतात. सगळे ऐकून त्यांचे पहिले वाक्य तेच होते, “उद्यापासून शाळा बंद.” आमचे मुख्याध्यापक शांतपणे म्हणाले, “भाई, गुन्हा त्याचा आणि सजा हिला? शाळा बंद करून तुम्ही त्याचंच काम सोपं कराल.” अब्बू बराच वेळ खाली बघत बसले. मग डोळे पुसले आणि म्हणाले, “चला, ठाण्यात जाऊ.”

पोलीस ठाण्यात महिला अधिकाऱ्याने तिचे म्हणणे नीट ऐकून घेतले. सोबत तिची अम्मी होती, मीही होते. गाडीचा नंबर तिने गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला होता. जे मला आठ दिवसांत सुचले नाही, ते त्या पोरीला सुचले होते. पुढचे काम कायद्याने चालू आहे. तो मुलगा पुन्हा त्या रस्त्याला दिसलेला नाही. एकाच मोहल्ल्यातल्या चार मुली आता मिळून येतात-जातात आणि स्टँडवरच्या दोन दुकानदारांना अब्बूंनी लक्ष ठेवायला सांगितले आहे. शाळा एक दिवसही बंद झाली नाही.

काही भगिनी म्हणतील, आपल्या दीनमध्ये तर बदगुमानीला मनाई आहे. आहेच. सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत अतिसंशयापासून दूर राहण्याची ताकीद आहे. पण त्याच आयतीत दुसऱ्याच्या मागावर राहायलाही मनाई आहे, हे आपण विसरतो. आणि त्याच सूरहमध्ये, सहाव्या आयतीत, आलेल्या खबरीची खातरजमा करण्याचा हुकूम आहे. मला त्यातून एवढेच उमगले की खातरजमा न करता कुणाला गुन्हेगार ठरवू नये, आणि खातरजमा न करता मुलीच्या भीतीलाही खोटे ठरवू नये. पंपावर सरांनी त्या काकांना आधी विचारले, हात उगारला नाही. म्हणून एका गरीब माणसाची अब्रू वाचली. व्हॉट्सॲपवरच्या फोटोंनी लोक कुणालाही रस्त्यात मारायला उठतात, अशा दिवसांत हे लक्षात ठेवायला हवे.

पुरुष वाचकांसाठीही एक गोष्ट आहे. सहीह बुखारीत एक प्रसंग येतो. रमजानच्या एतिकाफमध्ये हजरत सफिया (रजि.) रात्री प्रेषितांना (स.) भेटायला आल्या होत्या. त्यांना पोचवायला प्रेषित (स.) उठले तेव्हा दोन अन्सारी सहाबी जवळून घाईने जाऊ लागले. प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवून, सोबत सफिया आहेत हे स्वतःहून सांगितले. ज्यांच्यावर संशय घेण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती, त्यांनीही संशयाला जागा ठेवली नाही. आपणही अंधारात एकट्या बाईच्या गाडीमागे चिकटून चालवू नये. एक तर पुढे निघून जावे, नाहीतर पुरेसे अंतर ठेवावे. आपला हेतू साफ असतो, पण तो आरशात दिसत नाही.

आता अनुभवातून शिकलेल्या चार गोष्टी. मागे कुणी आहे असे वाटले तर आधी वेग कमी-जास्त करून पाहा. तरीही शंका राहिली आणि रस्ता वर्दळीचा असेल तर ओळीने चार वेळा डावीकडे वळा. आपण फिरून मूळ रस्त्यावर येतो. इतके वळूनही तीच गाडी मागे असेल तर तो योगायोग नव्हे. अशा वेळी घरी जाऊ नका, घर दाखवू नका. पोलीस ठाणे, पेट्रोल पंप, दवाखाना, उघडे दुकान गाठा. चारचाकीत असाल तर काचा वर आणि दारे बंद ठेवा. गाडीचा नंबर, दिवस, वेळ लिहून ठेवा. निदान शेवटचे चार आकडे तरी. 112 हा क्रमांक कोणत्याही फोनवरून लागतो. अनेक फोनमध्ये बाजूचे बटण लागोपाठ दाबले की तातडीचा कॉल जातो. आपल्या फोनवर ते कसे चालते हे घरीच पाहून ठेवा, रस्त्यात शोधायला वेळ नसतो. निघताना फोनवरून आपले लोकेशन घरच्या कुणाला तरी पाठवत जा. तवक्कुल अल्लाहवर हवाच, पण उंट बांधून मग तवक्कुल करावा, ही शिकवणही आपलीच आहे.

आणि शेवटची गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. आज रात्री दस्तरखानावर सगळे एकत्र बसाल तेव्हा मुलीला, सुनेला एक वाक्य सांगून ठेवा: “रस्त्यात काही झालं तर आम्हाला सांग. तुझी शाळा, तुझी नोकरी बंद होणार नाही.” ते घडण्याच्या आधी सांगा. घडल्यावर सांगून उपयोग नाही, कारण तोवर तिने गप्प बसायचे ठरवलेले असते.

ते काका अजूनही कधीकधी सकाळी भेटतात. आमच्या सरांनी ओळखीच्या गॅरेजमध्ये त्यांच्या गाडीला नवा दिवा बसवून दिला आहे, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मिरजेच्या सरकारी दवाखान्यात नाव घालायचे त्यांनी कबूल केले आहे. मला पाहिले की ते हॉर्न वाजवतात, हात करतात आणि पुढे निघून जातात. माझा उजवा आरसा आता सरळ आहे.