पत्रक कुणाच्या श्रमावर छापलं जातं?

आठ मार्च जवळ आला की संघटनांच्या कार्यालयांत घाई उडते. मोर्चाचं पत्रक, परिसंवादाची निमंत्रणपत्रिका, पोस्टर, बॅनर, अहवालाचं मुखपृष्ठ, सगळं एकदमच हवं असतं. मजकूर शेवटच्या दिवसापर्यंत बदलत राहतो आणि मग कुणीतरी म्हणतं, "अगं, ती आहे ना, तिला सांगू. आपलीच आहे, करून देईल." ही 'ती' म्हणजे घरून ग्राफिक डिझाइनचा छोटा व्यवसाय चालवणारी एखादी बाई. अलीकडे तिच्याकडून आणखीही एक अपेक्षा असते, ती म्हणजे काम पर्यावरणस्नेही हवं. कागद वाया जाऊ नये, प्लास्टिक नको, शाई विषारी नको. अपेक्षा रास्तच आहे. पण ती पुरी करायला लागणारा वेळ, अभ्यास आणि पैसा कुणी द्यायचा, या प्रश्नाला आपल्या बैठकांत जागा मिळत नाही. म्हणून हा लेख.

स्त्रियांच्या रोजगाराच्या प्रश्नावर काम करताना पुण्या-मुंबईत हा व्यवसाय करणाऱ्या बऱ्याच जणी मला भेटल्या. बहुतेकींची वाट सारखीच आहे. कलाशिक्षण झालं, जाहिरात कंपनीत किंवा प्रकाशनात नोकरी लागली, मग लग्न, मूल, आणि रात्री नऊपर्यंत चालणारं ऑफिस झेपेनासं झालं. नोकरी सुटली, हातातलं कसब राहिलं. घरातल्या एका कोपऱ्यात संगणक मांडला आणि कामं घ्यायला सुरुवात झाली. त्यातल्या काही जणींनी ठरवून पर्यावरणस्नेही कामाचा रस्ता धरला. कोणाला वस्तीतल्या कचऱ्याचा प्रश्न जवळचा वाटत होता, तर कोणाला जाहिरातीतली उधळपट्टी पाहून उबग आला होता. त्या स्वतःला उद्योजक म्हणवायला अजूनही बिचकतात. घरचे तर 'घरबसल्या काहीतरी करते' असंच सांगतात.

पर्यावरणस्नेही डिझाइन म्हणजे खडबडीत बदामी कागद आणि त्यावर एक हिरवं पान, असा समज पसरलेला आहे. कागदाची खरी बचत आधीच, कामाची आखणी करताना होते. एक साधा हिशेब पाहू. प्रेसमध्ये वापरला जाणारा एक नेहमीचा ताव २३ बाय ३६ इंचांचा असतो. साडेसहा इंचांची चौकोनी, दिसायला झोकदार निमंत्रणपत्रिका ठरवली तर एका तावातून १५ निघतात आणि जवळजवळ चौथा हिस्सा कागद कातरणात जातो. तीच पत्रिका साडेपाच बाय पावणेनऊ इंचांची केली तर १६ निघतात, प्रत्येक पत्रिकेत लिहायला जागाही जास्त मिळते आणि कातरण सुमारे ७ टक्क्यांवर येतं. चार रंगांऐवजी दोन रंगांत काम बसवलं तर प्लेट निम्म्याच लागतात. वरचं चकचकीत लॅमिनेशन टाळलं तर कागद पुन्हा लगद्यात जाऊ शकतो. प्लास्टिकचा पापुद्रा चिकटलेल्या कागदाला रद्दीत किंमत नसते, हे कोणतीही कचरावेचक बाई सांगेल. आणि सर्वांत मोठी बचत म्हणजे पाच हजार प्रती खरंच लागणार आहेत का, हा प्रश्न विचारण्याचं धाडस.

या सगळ्याला डोकं लागतं, वेळ लागतो. कागदाच्या दुकानांत चौकशी करावी लागते, प्रेसवाल्याशी वाद घालावा लागतो, नमुने छापून बघावे लागतात. मराठी कामात त्यात आणखी भर पडते. संस्थेने जुन्या फाँटमध्ये टाईप केलेला मजकूर पाठवला की युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटतात, रफार भलतीकडे जातो. मग ओळ न् ओळ पुन्हा तपासायची. हे काम कोणत्याच बिलात दिसत नाही.

इथे या व्यवसायातली खरी मेख आहे. छोट्या डिझायनरची बरीचशी कमाई छपाईवर अवलंबून असते. डिझाइनचे पैसे नाममात्र आकारायचे आणि प्रेसकडून काम करून देताना छपाईच्या रकमेवर थोडं मार्जिन ठेवायचं, अशी रीत आहे. म्हणजे काम जितकं मोठं, रंगीत आणि चकचकीत, तितकी कमाई जास्त. जी बाई तुम्हाला सांगते, 'दोन हजार नको, आठशे प्रती पुरतील. चार नको, दोन रंगांत करू', ती तुमचे पैसे वाचवते, कागद वाचवते आणि स्वतःच्या पोटावर पाय आणते. 'पर्यावरणस्नेही म्हणजे स्वस्त' असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. छपाई स्वस्त झाली ती तिने विचार केला म्हणून, आणि त्या विचाराचे पैसे वेगळे दिले पाहिजेत.

आता फ्लेक्सकडे वळू. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसीचा थर दिलेलं कापड. तासाभरात छापून मिळतं, स्वस्त पडतं, म्हणून राजकीय पक्षांपासून महिला मंडळांपर्यंत सगळ्यांना सोयीचं वाटतं. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली. १ जुलै २०२२ पासून देशभर १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर बंदी आली. जाड फ्लेक्स मात्र या बंदीतून सुटलं. कार्यक्रम संपल्यावर या फ्लेक्सचं काय होतं? काही वस्तीतल्या छपरांवर जातं, पावसाळ्यात तेवढाच आडोसा. बाकीचं कचऱ्यात जातं, कुठेतरी जाळलं जातं. पीव्हीसीमध्ये क्लोरीन असतं, त्यामुळे ते जळताना निघणारा धूर अतिशय विषारी असतो. तो कुणाच्या नाकातोंडात जातो? पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, २००८ साली कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेबरोबर काम करू लागली. या संघटनांमुळे कचरा हाताळणारे हात कुणाचे, हे शहराला दिसलं. ते हात मुख्यतः दलित बायकांचे आहेत. स्त्री-सन्मानाची घोषणा फ्लेक्सवर छापायची आणि ते फ्लेक्स त्या बायकांच्या पुढ्यात टाकायचं, ही विसंगती आपल्याला खुपायला हवी.

म्हणजे पर्यावरणस्नेही कामाचा आग्रह बरोबरच आहे. प्रश्न त्याच्या किमतीचा आहे. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांचा अभ्यास केला, तो १९८२ साली पुस्तकरूपाने आला. त्या बायका दिवसाचे कित्येक तास जागतिक बाजारपेठेसाठी राबत होत्या. पण त्यांना गृहिणी मानलं जायचं आणि त्यांचं विणकाम म्हणजे फावल्या वेळचा उद्योग. म्हणून मजुरी क्षुल्लक. नरसापूरची लेस आणि पुण्याच्या फ्लॅटमधला संगणक यांत जातीचं, वर्गाचं, शिक्षणाचं मोठं अंतर आहे, ते पुसून टाकता येणार नाही. पण 'घरीच तर असते' हे वाक्य दोन्हीकडे तेच काम करतं. ते श्रमाचं मोल उतरवतं.

तिचा 'फावला वेळ' तरी किती असतो? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, ते करणारे पुरुष ८८ मिनिटं. म्हणजे बाईचे पावणेपाच तासांहून जास्त आधीच गेलेले असतात. मुलाला शाळेत सोडून, स्वयंपाक उरकून ती संगणकासमोर बसते. रात्री घर झोपल्यावर पुन्हा बसते. आणि अशा वेळी संस्थेचा निरोप येतो, 'उद्या सकाळपर्यंत एवढा बदल करून दे ना!'

याला उत्तर म्हणून काही कार्यकर्त्या म्हणतात, "चळवळीकडे पैसा कुठे आहे? आम्हीही फुकटच राबलो." हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. १९८० साली मथुरा खटल्याच्या निकालाविरुद्ध बायका रस्त्यावर उतरल्या तेव्हा पोस्टर्स हातानेच रंगवली जात. जिला अक्षर चांगलं येई ती लिही, दुसरी खळ करी, तिसरी रात्री भिंतीवर चिकटवी. त्या काळातल्या श्रमांचं मोल पैशात होणार नाही. पण त्या रचनेत सगळ्याच जणी वेळ देत होत्या. आजच्या प्रकल्पांचं चित्र वेगळं आहे. समन्वयकाला मानधन आहे, हॉलला भाडं आहे, प्रेसचं बिल आहे, चहा-नाश्त्याचाही खर्च धरलेला आहे. एकटी डिझायनर तेवढी 'आपली' असते. जिथे सगळेच विनामोबदला काम करतात तिथे तिनेही करावं, आनंदाने करावं. जिथे बाकीच्यांना मोबदला आहे तिथे तिला तो नाकारणं म्हणजे शोषणच. आपण त्याला 'बांधिलकी' म्हणतो, एवढंच. आणि कोणतं काम देणगी म्हणून करायचं, हे ठरवण्याचा हक्क तिचा आहे. देणगी मागून घेता येते, गृहीत धरता येत नाही.

कायद्याचा आधारही तिला आहे, तो तिच्यापर्यंत पोहोचवणं आपलं काम. उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म उद्योगाचं बिल ठरलेल्या मुदतीत, आणि ही मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त नसेल अशा बेताने, चुकतं करावं असं २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा सांगतो. लेखी मुदतच ठरलेली नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं आणि राज्याच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. ही नोंदणी विनामूल्य आहे. बचत गटांच्या बैठकांत आपण पापड-लोणच्यांच्या परवान्यांची माहिती देतो, तशी हीही द्यायला हवी.

डिझायनर मैत्रिणींनाही एक सांगायचं आहे. तुमचा व्यवसाय पर्यावरणस्नेही आहे म्हणून तो आपोआप न्याय्य होत नाही. कागदी पिशव्या चिकटवणाऱ्या, पाकिटं घडणाऱ्या, बियांचा कागद सुकवणाऱ्या बायकांना शेकड्याच्या भावाने काय मिळतं, ते तुमच्या कोटेशनमध्ये दिसतं का? पुण्यात हातकागदाची परंपरा जुनी आहे. कापसाच्या चिंध्यांपासून सुंदर कागद होतो, पण त्या चिंध्या निवडणाऱ्या हातांना जर किमान वेतन मिळत नसेल तर तो कागद कुणासाठी स्नेही आहे? स्वतःची मजुरी मागताना साखळीतल्या शेवटच्या बाईची मजुरीही त्याच कागदावर मांडली पाहिजे.

मग करायचं काय? काही साध्या गोष्टी संघटनांना आजपासून जमतील. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात छपाईखेरीज 'आरेखन मानधन' हा वेगळा रकाना असावा. देणगीदार संस्था तो काटायला निघाल्या तर आपण त्यासाठी भांडावं. कामाआधी एका पानाचा लेखी करार करावा. त्यात रक्कम, मुदत, किती वेळा दुरुस्त्या होतील आणि आगाऊ किती मिळेल, ते लिहिलेलं असावं. मजकूर अंतिम झाल्याशिवाय तो तिच्याकडे पाठवू नये, कारण प्रत्येक वाढीव प्रूफ म्हणजे तिची एक रात्र असते. अंकावर, अहवालावर तिचं नाव छापावं. बॅनर कापडी करावा, त्यावर तारीख आणि स्थळ घालू नये, म्हणजे तो अनेक वर्षं वापरता येतो. आणि एखाद्या वर्षी पैसे अगदीच नसतील तर पत्रक एकरंगी, अर्ध्या पानाचं काढावं. त्यात कमीपणा नाही. सायक्लोस्टाइल केलेल्या पत्रकांनीही मोर्चे भरत होते.

निसर्ग फुकट आहे, लागेल तेवढा ओरबाडावा आणि बाईचे श्रम फुकट आहेत, लागतील तेवढे वापरावे, हे एकाच मुळातून आलेले विचार आहेत. त्यातल्या पहिल्याला विरोध करताना दुसऱ्याचा आधार घेता येणार नाही. आपापल्या संघटनेच्या पुढच्या वार्षिक बैठकीत हिशेबाची वही उघडावी आणि गेल्या वर्षीची पत्रकं, पोस्टर्स, अहवाल कुणी केले, त्यांना काय दिलं, हे मोठ्याने वाचून दाखवावं. जिथे रकाना रिकामा निघेल तिथून चर्चा सुरू करू.