नितळ पाण्याचे दुखणे

१९७२च्या दुष्काळानंतर हातपंप गावोगावी आले आणि पटकी-हगवणीचा घोर हलका झाला, हे कबूलच करायला हवे. पण यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत खडकातले फ्लोराइडही त्याच नळीतून घरात शिरले. पाणी नितळ, चवीला गोड; उकळले तर फ्लोराइड उलट दाटते! लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर ते गेले, की आधी पोरांचे दात डागाळतात. प्रमाण फारच असेल, तर वर्षानुवर्षांनी पाठ वाकते. ती औषधाने सरळ होत नाही. तुरटी-चुन्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्या ‘नीरी’ने कधीच शोधून दिली. तुरटी रोज घालायची कोणी, हे मात्र कोणी ठरवायचे? पंपाला लाल रंग फासून भागत नाही. उथळ विहिरीत फ्लोराइड बहुधा कमी असते. गावची जुनी विहीर आधी तपासा, उपसा आणि झाकून द्या.