तरुणांची गाडी आणि देवराष्ट्रेची जीप

मोटार कंपन्यांच्या पत्रकांत एक तरुण नेहमी असतो. पंचविशीचा, तुकतुकीत. गाडीच्या टपावर त्याची सायकल बांधलेली, मागे तंबू, बाजूला हसरी मैत्रीण, आणि सोमवारी सकाळी त्याला कुठेही कामाला जायचं नाही. "तरुण, उत्साही, सदा सक्रिय" असं त्याचं वर्णन केलेलं असतं. मी तीसेक वर्षं वर्गावर काढली. उत्साही मुलांची वाण कधी पडली नाही, उलट काही वेळा जास्तच झाली. पण हा पत्रकातला मुलगा माझ्या हजेरीपटावर कधी आला नाही.

हे सगळं आठवायचं कारण आमचा पुण्याचा नातू. दिवाळीत आला होता तेव्हा मोबाईलवर एक जुना फोटो दाखवून म्हणाला, "आबा, माझी गाडी जन्माला यायच्या आधी अशी होती, बघा." त्याच्याकडे टाटांची पंच आहे. फोटो होता २०१९ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडलेल्या 'एच-टू-एक्स' नावाच्या गाडीचा. अशा गाडीला कॉन्सेप्ट कार म्हणतात. ही विकायची नसते, दाखवायची असते. लोक काय म्हणतात ते बघायचं, मग कागदावर परत यायचं, आणि शेवटी कारखान्यात बनेल, रस्त्यावर टिकेल आणि खिशाला परवडेल अशी गाडी काढायची. पुढच्या वर्षी दिल्लीच्या प्रदर्शनात तीच 'एचबीएक्स' या नावाने आली, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये 'पंच' म्हणून बाजारात. फोटोतली मोठाली चाकं वाटेत बरीच लहान झाली, थाट उतरला, पण चेहरा ओळखू येतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात राजा झालेला मुलगा दुसऱ्या दिवशी गणवेशात यावा, तसा.

गाडी चांगली आहे, हे आधीच सांगतो, नाहीतर नातू रागवायचा. लांबी चार मीटरच्या आत, दारं अगदी काटकोनात उघडतात, त्यामुळे आमच्या गुडघ्यांची सोय होते. जमिनीपासून चांगली उंच आहे. धडक चाचणीत मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी तिला पाच तारे मिळाले. २०२४ सालात तर ती देशात सर्वांत जास्त खपलेली गाडी ठरली, दोन लाखांवर. म्हणजे पत्रकातल्या त्या तरुणासाठी काढलेली गाडी प्रत्यक्षात आमच्यासारख्या आजी-आजोबांना दवाखान्यात नेण्यासाठी घेतली जाते, आणि त्यात काही वाईट नाही.

पण मग आपल्याकडचा सक्रिय तरुण कोण? पहाटे यवतेश्वरच्या घाटात पोलीस भरतीसाठी धावणारी पोरं बघा. तासगावकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षाच्या क्रेट घेऊन पळणारी बघा. दुचाकीला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन लावून डेअरीची वेळ गाठणारा, आटपाडीकडून डाळिंबाची औषधं न्यायला आलेला, बायकोला आरोग्यकेंद्रावर कामाला सोडून तसाच पुढे शेताला जाणारा. यांच्याइतकं सक्रिय कोण असेल? यांना हवी असलेली गाडी लहान, स्वस्त, माल आणि माणसं दोन्ही नेणारी, बांधावर चढणारी आणि गावातच दुरुस्त होणारी असायला हवी. 'बहुपयोगी' हा शब्द जिनिव्हात छान दिसतो, पण त्याचा अर्थ कळतो तो खानापूर-आटपाडीत.

आणि आता मुद्द्याचं. पंच बाजारात आली त्याच वर्षी, डिसेंबर २०२१ मध्ये, सांगली जिल्ह्यातल्या एका गाडीची बातमी देशभर झाली. गाव देवराष्ट्रे, तालुका कडेगाव. यशवंतराव चव्हाणांचं आजोळ आणि जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेसाठी भंगारातले भाग जमवून चारचाकी बनवली. तोंडवळा जीपचा, सुरू करायची ती मात्र दुचाकीसारखी किक मारून. खर्च साठ हजारांच्या आसपास. शिक्षण बेताचं, हात मात्र लोहाराचा. कागदावर आराखडा, संगणक, मातीचा नमुना वगैरे काही नाही. मुलाला काय हवं आहे आणि भंगारात काय मिळतं आहे, या दोहोंच्या मधोमध ती गाडी तयार झाली.

माझ्या मते ही खरी कॉन्सेप्ट कार. कल्पना प्रत्यक्षात उतरवून लोकांसमोर ठेवायची, यापेक्षा जिनिव्हात वेगळं काय होतं?

पुढची हकिगत बहुतेकांना माहीत आहे. आनंद महिंद्रा यांनी तिचा व्हिडिओ पाहिला, जाहीर कौतुक केलं आणि त्याच वेळी हेही लिहिलं की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील. म्हणून तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि ही गाडी आपल्या संशोधन केंद्राच्या संग्रहात ठेवायचं ठरवलं. सुरुवातीला घरच्यांचा जीव गाडी द्यायला तयार नव्हता, अशा बातम्या होत्या. साहजिक आहे. जानेवारी २०२२ मध्ये शेवटी अदलाबदल झाली, सगळ्या कुटुंबाने बोलेरोसमोर फोटो काढला.

महिंद्रांच्या उमदेपणाबद्दल मला शंका नाही. एखाद्या उद्योगपतीने एवढं करावं हेच पुष्कळ. तरीही तो फोटो बघताना मला चुकचुकल्यासारखं झालं. एका कल्पनेला कारखाना मिळाला, दुसरीला संग्रहालय. एक गाडी जिनिव्हाहून पायरी पायरीने खाली उतरत आमच्या दारापर्यंत आली, आणि दुसरीला वर चढायला पहिली पायरीसुद्धा नव्हती. बक्षीस मिळालं ते माणसाला. गाडीत कुठे कमी आहे, ब्रेक पुरेसा आहे का, काय बदललं तर ती रस्त्यावर चालेल, हे सांगणारं कोणी भेटलं नाही.

असं आपल्या भागात पहिल्यांदा झालेलं नाही. सांगलीपासून जवळच इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी नावाच्या गृहस्थांनी १९४० च्या दशकात 'मीरा' नावाची छोटी मोटार बनवायला घेतली. मागे इंजिन, गोंडस बांधणी, मध्यमवर्गाला परवडावी हा हेतू. १९७० च्या सुमारापर्यंत ते एकामागून एक सुधारलेले नमुने काढत राहिले. पंचवीस वर्षं! ती गाडी रस्त्यावर धावली, लोकांनी पाहिली, पण कारखान्यातून कधी बाहेर पडली नाही, कारण कारखान्यापर्यंत ती पोचलीच नाही. तो काळ परवान्यांचा होता. साताऱ्यात १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स निघाली आणि 'प्रिया' स्कूटर बनू लागली, तेव्हा आपल्या गावात स्कूटर होते याचाच केवढा अभिमान होता आम्हाला. पुढे २००८ च्या जानेवारीत टाटांनी नॅनो दाखवली. स्कूटरवर भिजत चाललेलं चौघांचं कुटुंब पाहून रतन टाटांना ती सुचली होती. तिच्यामागे अख्खी कंपनी होती, तरी दहाएक वर्षांत तिचं उत्पादन थांबलं. स्वस्त गाडी काढणं सोपं नाही, हे कबूल. कुलकर्णींना तर ते एकट्याने करायचं होतं.

उलट उदाहरणही आपल्याच मातीतलं आहे, आणि ते मला फार आवडतं, कारण त्यातला नायक मुळात मास्तर. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत. नोकरी सोडून बेळगावला सायकलींचं दुकान काढलं, मग लोखंडी नांगर बनवले. लोखंडाने जमीन नासते या समजुतीने शेतकरी ते घेईनात. त्यात बेळगावातली जागाही नगरपालिकेच्या विस्तारात गेली. माणूस तिथेच संपला असता. पण औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी उभे राहिले. त्यांनी कुंडलजवळ आपल्या संस्थानातली जागा दिली, भांडवलाला मदत केली, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध साताऱ्यात, वाडी सांगलीत. पंतांनी लक्ष्मणरावांचा नांगर विकत घेऊन राजवाड्यात मांडून ठेवला असता आणि बदल्यात विलायती नांगर दिला असता, तर काय झालं असतं? देवराष्ट्रे किर्लोस्करवाडीपासून काही फार लांब नाही.

यावर आमचे एक स्नेही (आरटीओत आयुष्य गेलेले) लगेच म्हणतील, मास्तर, उद्या कोणीही पत्रा जोडून रस्त्यावर येईल, माणसं मरतील. बरोबर आहे. नियम माणसांच्या जिवासाठी असतात आणि रस्त्यावर गेलेली तरुण पोरं मी पाहिली आहेत, वर्गात शिकवलेली. ब्रेकची खात्री नसलेली गाडी रस्त्यावर येऊ नये, यात दुमत नाही. माझी तक्रार नियमाच्या कडकपणाबद्दल नाही, त्याच्या रोखाबद्दल आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६ वा नियम सांगतो की उत्पादकाने गाडीचा नमुना ठरावीक संस्थेकडून तपासून घ्यावा. पुण्याच्या वेताळ टेकडीवरची एआरएआय ही त्यातलीच एक मोठी संस्था. पण हा सगळा मार्ग हजारो गाड्या काढणाऱ्या कंपनीसाठी आखलेला आहे. ज्याने एकच गाडी बनवली आहे, त्याने कुठे जायचं?

इंग्लंडात यावर उत्तर आहे. तिथे घरी बनवलेली एकटी गाडीसुद्धा सरकारी तपासणीला नेता येते. ब्रेक, दिवे, पट्टे, धूर, आवाज, बाहेर आलेल्या धारदार कडा, सगळं बघतात. नापास झाली तर दोषांची यादी हातात देतात. दुरुस्त करून पुन्हा या, म्हणतात. पास झाली की नंबर मिळतो. म्हणजे फेरपरीक्षा! मास्तराला याहून काय पटणार? लोटस ही पुढे जगप्रसिद्ध झालेली कंपनी १९४८ साली कॉलिन चॅपमन या विद्यार्थ्याने एका जुन्या ऑस्टिनवर केलेल्या खटपटीतून निघाली, तीही मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजात. असे सासू-सासरे सर्वांनाच मिळत नाहीत, असो.

आपल्याकडे शाळेत 'कार्यानुभव' नावाचा विषय होता. त्याचे गुण लागत, तास बहुधा गणिताला जात. ज्या पोरांचे हात चालत त्यांना आम्ही सगळेच व्यवस्था म्हणून आयटीआयची वाट दाखवायचो, आणि तीसुद्धा दहावीला कमी गुण पडले तरच. आता देवराष्ट्रेच्या बातमीवर टाळ्या वाजवताना हे विसरायला नको. टाळीने ब्रेक सुधारत नाही.

मला काय हवं आहे ते नेमकं लिहितो. सांगलीत वालचंद महाविद्यालय आहे, १९४७ पासूनचं. कऱ्हाडला सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. दोन्हीकडे कार्यशाळा आहेत, मोटारीतलं कळणारे प्राध्यापक आहेत, स्पर्धेसाठी बग्ग्या बनवणारी हुशार मुलं आहेत. महिन्यातला एक शनिवार दार उघडं ठेवावं. ज्याने काही बनवलं असेल, मग ती गाडी असो वा द्राक्षबागेतलं फवारणीचं यंत्र, त्याने ते ट्रॉलीवर घालून आणावं. विद्यार्थ्यांनी वजन करावं, उतारावर ब्रेक बघावा, दोष लिहून द्यावेत. आरटीओचा एक अधिकारी नुसता बसायला आला तरी पुष्कळ. यातून लगेच नंबरप्लेट मिळणार नाही, त्यासाठी दिल्लीत नियम बदलावा लागेल. पण दोषांची यादी मिळायला दिल्लीची परवानगी लागत नाही.

आमच्या सांगलीच्या मंडळींतले दोघे वालचंदचे आहेत आणि हा ब्लॉग नेमाने वाचतात, असं त्यांच्या बायका सांगतात. त्यांनी यावर मला फोन करावा. दुपारी दोन ते चार सोडून कधीही.