घर आणि अंगण : माशाला मीठ, पाण्याला विरजण



गोठ्यातले जनावर आजारी पडले की काय करायचे, ते आपल्याला ठाऊक असते. पण लेकरांच्या हट्टाने घरात काचेची पेटी आली आणि तिच्यातले मासे आजारी पडले, की आपली मती गुंग होते. माझी तशीच झाली, म्हणून आज हा विषय.

माझ्या नातीने तालुक्याच्या बाजारातून गोल्डफिश जातीचे चार सोनेरी मासे आणले. आठवड्याभरात त्यांच्या अंगावर रवा शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसू लागले. मासे दगडांना अंग घासू लागले. मी तडक पेटी रिकामी केली, खडी आणि गाळणीचा स्पंज साबणाने घासला आणि विहिरीचे ताजे पाणी भरले. आदल्याच दिवशी विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली होती, हे ध्यानातच आले नाही. सकाळी दोन मासे उलटे तरंगत होते.

"आबा, तुम्ही तर सगळं धुऊन काढलं होतं ना? मग कसे मेले?" नातीने विचारले. मला उत्तर देता आले नाही. पुढे माहिती करून घेतली, ती तुम्हाला सांगतो.

मासा ज्या पाण्यात राहतो, त्यातच घाण टाकतो. त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो आणि तो विषारी असतो. आपण शेतात युरिया टाकतो, त्याचा आधी अमोनिया होतो आणि मग जमिनीतले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. पेटीतही असेच जिवाणू खडीवर आणि स्पंजावर वस्ती करतात. ते अमोनियाचे आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग त्याचे नायट्रेट होते, ते माशाला फारसे बाधत नाही. मी साबणाने आणि क्लोरिनने हीच वस्ती मारली. शिवाय क्लोरिनने माशांचे कल्ले भाजतात. म्हणजे आजाराआधी माझ्या स्वच्छतेनेच मासे गेले!

आता पांढऱ्या ठिपक्यांचे. प्रत्येक ठिपक्यात एक सूक्ष्म परजीवी माशाच्या कातडीखाली दडलेला असतो. तिथे औषध पोचत नाही. तो वाढला की गळून तळाशी जातो आणि त्याची शेकडो पिल्ले होतात. ती पाण्यात पोहत नवा मासा शोधतात. मीठ असो की दुकानातले औषध, या पोहणाऱ्या पिल्लांनाच मारते. म्हणून एक दिवसाच्या उपायाने हा रोग जात नाही.

उपाय असा करा. दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत सुमारे 40 लिटर पाणी मावते. लिटरला 2 ग्रॅम या हिशेबाने 80 ग्रॅम जाडे मीठ घ्या. निम्मे आज, निम्मे उद्या, वेगळ्या भांड्यात विरघळवून हळूहळू ओता. मीठ उडून जात नाही. म्हणून पाणी बदलाल तेव्हा नव्या पाण्यापुरतेच मीठ घाला. हे दोन आठवडे चालू ठेवा. पाणी जितके गार, तितका रोग लांबतो. थंडीत शेवटचा ठिपका गेल्यावर आणखी आठवडाभर थांबा. बिनखवल्याच्या माशांना आणि पाणवनस्पतींना एवढे मीठ सोसेलच असे नाही.

पेटी पुन्हा बसवायची तर तिला विरजण लावा. कोणाकडे निरोगी, जुनी पेटी असेल, तर तिच्यातला स्पंजाचा तुकडा किंवा मूठभर खडी तिथल्याच पाण्यात भिजती ठेवून आणा. विरजण मिळाले नाही, तर जिवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे मोजके ठेवा, दाणा कमी द्या आणि दिवसाआड पाव हिस्सा पाणी बदला. हे पाणी आधी एक दिवस उघड्या पिंपात ठेवलेले असावे. स्पंज धुवायचा तो पेटीतून काढलेल्या पाण्यातच. साबण नकोच.

शेतकऱ्याच्या घरी आणखी काही पथ्ये पाळावी लागतात. फवारणीची बादली किंवा मग पेटीच्या पाण्याला लावू नका. कीटकनाशकाचा अंशसुद्धा माशाला पुरतो. वीज जाऊन हवेचा पंप थांबला, तर पेटीतलेच पाणी मगाने उंचावरून पुन्हा पुन्हा ओता. दाणा दोन मिनिटांत संपेल एवढाच द्या. चपातीचे तुकडे टाकू नका, ते कुजतात. नवे मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवून मगच पेटीत सोडा. नकोसे झालेले मासे ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नका. बाहेरचा रोग आणि बाहेरची जात आपल्या पाण्यात शिरते. पेटीतून काढलेले पाणी परसातल्या मिरचीला घाला, खतच ते. पण मिठाचे पाणी मात्र झाडाला नको.

आमचे उरलेले दोन मासे तगले. पाणी बदलायचा दिवस आता नात स्वतः ध्यानात ठेवते, आणि मी साबण हातात घेतला की आधी विचारते, "आबा, कशाला?"